कॅमेरा बंद झाल्यावर थुंकलेल्या गोळ्या

वाचकाचं पत्र, थोडक्यात

सव्वीस वर्षांच्या एका मैत्रिणीचं हे पत्र. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. त्यांना फुप्फुसाचा क्षयरोग झाला आहे आणि सहा महिन्यांच्या उपचारांचा सातवा आठवडा सुरू आहे. रोज दवाखान्यात जाऊन सिस्टरसमोर गोळ्या घेणं नोकरीमुळे जमेना, म्हणून त्यांना मोबाइलवर व्हिडिओची सोय करून दिली गेली. सकाळी गोळ्या कॅमेऱ्याला दाखवायच्या, गिळायच्या, वर पाणी प्यायचं, तोंड उघडून दाखवायचं आणि व्हिडिओ पाठवून द्यायचा. त्या एका मैत्रिणीबरोबर खोलीत राहतात. तिला आजाराचं सांगितलेलं नाही, म्हणून व्हिडिओ बाथरूममध्ये, नळ सोडून काढतात. गेल्या दोन आठवड्यांत मळमळ इतकी वाढली की अधूनमधून असे चार दिवस त्यांनी गोळ्या गालात धरल्या, पाण्याचा घोट घेतला, तोंड अर्धवट उघडून दाखवलं आणि रेकॉर्डिंग थांबवून थुंकून टाकल्या. "दुपारी सिस्टरचा मेसेज येतो, 'छान!' तो वाचून घास उतरत नाही," असं त्या लिहितात. पुढे विचारतात: "खरं सांगितलं तर उपचार पहिल्यापासून सुरू करायला लावतील का? व्हिडिओ बंद करून रोज दवाखान्यात बोलावतील का? माझा खोकला थांबलाय, वजन वाढलंय. गुपचूप शेवटी चार दिवस जास्त गोळ्या घेतल्या तर चालणार नाही का? आणि मुळात, सज्ञान माणसाला असं रोज तोंड उघडून दाखवायला लावणं तुम्हाला पटतं का?"

सल्ला

प्रिय मैत्रीण,

तुमच्या चारही प्रश्नांकडे येते, पण आधी पत्रातल्या एका शब्दापाशी थांबू दे. मळमळ. तो तुम्ही ओझरता लिहिलाय, जणू मळमळ हा तुमचा दुबळेपणा आणि खरी गोष्ट म्हणजे गोळ्या थुंकणं. पत्र वाचताना माझ्या पोटात गोळा आला तो मात्र त्या मळमळीमुळे.

मी डॉक्टर नाही. क्षयरोगाचे उपचार घेणाऱ्यांशी बोलण्याचं काम बरीच वर्षं करते आहे, त्यामुळे एवढं नक्की सांगू शकते. पहिल्या दोन महिन्यांत सहसा चार औषधं एकत्र दिली जातात: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायरॅझिनामाइड आणि एथाम्ब्युटॉल. यातली पहिली तिन्ही यकृताला त्रास देऊ शकतात. बऱ्याच जणांना होणारी मळमळ साधीच असते, पोटाला त्या गोळ्या मानवत नाहीत एवढंच. पण यकृताला सूज यायला लागली तर तिचीही सुरुवात अशीच होते. वरून पाहून दोन्हींतला फरक कळत नाही, त्यासाठी रक्त तपासावं लागतं. वाढत चाललेली मळमळ हे ती तपासणी करून घ्यायला पुरेसं कारण आहे. कावीळ दिसेपर्यंत थांबायचं नसतं.

लघवीच्या रंगावर विसंबू नका. रिफाम्पिसिनमुळे ती नारिंगी होतेच आणि त्यात नेमकी धोक्याची खूण झाकली जाते. ती कोऱ्या चहासारखी गडद व्हायला लागली, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर दिसला, पोटात उजवीकडे बरगड्यांखाली दुखायला लागलं, अन्नाची वासना गेली, उलट्या थांबेनात किंवा काही न करता गळून गेल्यासारखं वाटायला लागलं, तर पुढचा डोस घेण्याआधी, त्याच दिवशी दवाखान्याशी बोलायचं. यातलं काही आत्ताच होत असेल तर बाकीचं उत्तर नंतर वाचा. आधी फोन लावा.

मी इतकी घाई का करते आहे? कारण सिस्टरच्या नोंदीत तुम्ही कसलाही त्रास नसलेल्या रुग्ण आहात. रोज व्हिडिओ वेळेवर, रोज गोळ्या घेतलेल्या. रक्त तपासून घ्या असं तुम्हाला कुणी म्हटलं नाही, कारण तसं म्हणावं असं काही त्यांच्यापर्यंत पोहोचलंच नाही. त्या चार व्हिडिओंनी सिस्टरची फसवणूक झाली असं तुम्हाला वाटतंय. मला वाटतं, त्या चार दिवसांत तुम्ही एकट्या पडलात, आणि तेही जिला रोज सकाळी भेटता तिच्यासमोर.

तुम्ही हे व्हिडिओ परीक्षेसारखे देता आहात. पेपर लिहायचा, पर्यवेक्षकाला दाखवायचा, पास व्हायचं. मग 'छान!' हा शेरा होतो आणि मळमळ ही नापास होण्याची भीती. ही समजूत तुम्ही एकटीनेच करून घेतली असं मी म्हणणार नाही. पहिल्या दिवशी तुम्हाला बहुधा गोळ्या कशा दाखवायच्या, जीभ कशी वर करायची हे सगळं शिकवलं गेलं. त्रास झाला तर व्हिडिओतच सांगा, हे त्या घाईत राहून गेलं असेल. सोय देणाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी ठासून सांगायला हवं. नुसत्या 'छान'ऐवजी 'आज कसं वाटतंय?' असा मेसेज आला असता, तर कदाचित तुम्हाला मला पत्र लिहावं लागलं नसतं.

अशा व्हिडिओंवर काम करणाऱ्या एका सिस्टरशेजारी मी एकदा दुपारभर बसले होते. रुग्णांचे चेहरे मला दिसू नयेत म्हणून त्यांनी स्क्रीन माझ्यापासून वळवून घेतला होता. मला दिसत होता तो त्यांचाच चेहरा. एकेक व्हिडिओ मिनिटभराचा. गोळ्या मोजायला त्यांना दोन सेकंद पुरत. उरलेला वेळ त्या काय पाहतात, असं मी विचारलं. "आधी डोळे," त्या म्हणाल्या, "मग आवाज. मग माणूस कुठे बसलाय." एका व्हिडिओला त्या थांबल्या, मागे नेऊन पुन्हा पाहिला आणि फोन उचलला. रोज उभ्याने गोळ्या घेणारे एक गृहस्थ त्या दिवशी खाटेच्या कडेला बसून घेत होते. फोनवर कळलं, दोन दिवसांपासून त्यांचे गुडघे धरले होते. पायरॅझिनामाइडने रक्तातलं युरिक ॲसिड वाढतं, सांधे दुखू शकतात. त्यांनी स्वतःहून काही सांगितलं नव्हतं. वय झालं, असं समजून ते अंगावर काढत होते.

मी त्यांना विचारलं, कुणी गोळ्या गालात धरून नंतर थुंकल्या तर तुम्हाला कळेल का? त्या म्हणाल्या, "नेहमी नाही कळणार. पण तसं कुणी केलं तर माझ्या मनात पहिला प्रश्न हाच येईल की याला नक्की काय होतंय."

सगळ्या सिस्टर अशा नसतात, हे मी जाणून आहे. काही जणी रागावतात. तुमच्या सिस्टर रागावल्या तरी ते दोन मिनिटांचं बोलणं असेल. लपवून ठेवलं तर पुढे काय होतं, ते आता सांगते. तुमचा तिसरा प्रश्नही तोच आहे.

शेवटी चार दिवस जास्त घेतले तर चालेल का, या तुमच्या हिशेबात एक गोष्ट बरोबर आहे आणि एक चुकली आहे. उपचार पूर्ण झाले की नाही हे कॅलेंडरवर ठरत नाही, पोटात गेलेल्या डोसांवर ठरतं, हे बरोबर. उदाहरणार्थ अमेरिकेतल्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत रोजच्या उपचारांचा पहिला टप्पा ५६ डोसांचा आणि दुसरा १२६ डोसांचा मोजला आहे. चूक 'शेवटी' या शब्दात आहे. तुम्ही आत्ता पहिल्या टप्प्यात आहात, चारही औषधं सुरू आहेत. दुसऱ्या टप्प्यात औषधं कमी होतात. पहिल्या टप्प्यातले राहिलेले डोस पहिल्या टप्प्यातच भरून काढायचे असतात. सहाव्या महिन्याच्या शेवटी घेतलेल्या वेगळ्या, कमी गोळ्या त्यांची जागा घेत नाहीत. तुमचा सातवा आठवडा चालू आहे, म्हणजे हा टप्पा आता संपतच आला. तुम्ही बोलला नाहीत तर सिस्टर त्यांच्या नोंदीप्रमाणे ठरलेल्या तारखेला औषधं बदलतील आणि पहिला टप्पा चार डोसांनी अपुरा राहील. मळमळ थांबली नाही तर कदाचित आणखीही कमी. म्हणून सांगायचं ते याच आठवड्यात.

आणि राहिलेला डोस भरून काढायला म्हणून एका दिवशी दुप्पट गोळ्या कधीच घ्यायच्या नाहीत. हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण असं करणारी माणसं मला भेटली आहेत.

आता पहिल्यापासून सुरू करण्याची भीती. त्याच अमेरिकी सूचनांनुसार, पहिल्या टप्प्यात सलग १४ दिवस किंवा त्याहून जास्त खंड पडला तर उपचार मुळापासून सुरू करतात. खंड त्याहून कमी असेल तर आहे तिथून पुढे चालू ठेवून ठरलेले डोस पूर्ण करतात, फक्त ते सगळे तीन महिन्यांच्या आत व्हावे लागतात. तुमचे चार दिवस आहेत आणि तेही सुटे सुटे. निर्णय तुमच्या डॉक्टरांचा. थुंकीचा रिपोर्ट, सुरुवातीचा एक्स-रे, औषधांना दाद न देणारे जंतू आहेत का, हे सगळं ते पाहतील, आणि तुमच्या देशातले नियम थोडे वेगळे असू शकतील. पण ज्या भीतीने तुम्ही दोन आठवडे तोंड मिटून आहात, ती खरी ठरण्याची शक्यता आज कमी आहे. असेच दिवस जात राहिले तर ती वाढत जाईल.

खोकला थांबलाय आणि वजन वाढलंय, याचा मला मनापासून आनंद झाला. औषधं लागू पडत असल्याची ती खूण आहे. पण क्षयाचा जंतू फार संथ आहे. कित्येक साधे जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात, याला जवळपास वीस तास लागतात, आणि त्यातले काही तर जवळजवळ झोपल्यासारखे पडून असतात. औषधांचा मारा जागे असलेल्यांवर जास्त चालतो. पहिल्या काही आठवड्यांत बहुतेक जंतू मरतात आणि माणसाला बरं वाटायला लागतं. पुढचे महिने असतात ते मागे दबा धरून राहिलेल्यांसाठी. ते उरले तर आजार उलटू शकतो, आणि अनियमित गोळ्यांतून तगलेल्या जंतूंवर तीच औषधं पुढे चालेनाशी होऊ शकतात. चार दिवसांनी हे होईल असं मी म्हणत नाही. सवय लागली तर होईल, आणि सवय अशीच लागते, बरं वाटायला लागल्यावर.

मळमळीवर उपाय आहेत, पण क्रम पाळा. आधी रक्ततपासणी, मग बाकीचं. यकृत ठीक आहे असं कळलं की डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. रिकाम्या पोटी घेण्याऐवजी थोडं खाऊन घेऊ का? खाल्ल्यावर ही औषधं किंचित कमी शोषली जातात हे खरं, पण डोस चुकण्यापेक्षा किंवा औषध बदलण्यापेक्षा खाऊन घेणं चांगलं, असंच जाणकार सांगतात. दुसरं, सकाळऐवजी रात्री झोपताना घेऊ का? मळमळ व्हायची ती झोपेत निघून जाते, असं कित्येक जण सांगतात. तुमचा व्हिडिओ रेकॉर्ड करून पाठवायचा आहे, समोर थेट कुणी बसलेलं नाही, तेव्हा सकाळचीच वेळ कशाला हवी? दवाखान्याच्या वेळेत बसण्याची गरज नाही, हाच तर या सोयीचा मोठा फायदा. पित्ताची औषधं मात्र मनाने घेऊ नका. ॲल्युमिनियम असलेल्या अँटासिडमुळे आयसोनियाझिड नीट शोषलं जात नाही, दोन्हींत किती अंतर ठेवायचं ते विचारून घ्या. आणि गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तर तो डोस पुन्हा घ्यायचा की नाही, हेही आत्ताच विचारून लिहून ठेवा. ऐनवेळी सुचत नाही.

तुमचं पत्र वाचताना मला ती बाथरूम डोळ्यांसमोर येत राहिली. नळ चालू, दाराबाहेर मैत्रिणीची चाहूल, एका हातात फोन, एका हातात गोळ्या, उभ्या उभ्या तीन मोठ्या गोळ्या एका दमात. अशा अवस्थेत कुणालाही कोरडे उमासे यायचे. बसून, एकेक गोळी सावकाश घेतली तर व्हिडिओ थोडा लांबेल, त्याला कुणाची हरकत नसते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. तुम्ही तो रागाने विचारला असेल, पण तो रास्त आहे. क्षयरोगात असं नजरेसमोर औषध देणं आलं कुठून? १९५६ साली मद्रासमध्ये एक मोठी चाचणी सुरू झाली. तोवर क्षयाचा रुग्ण म्हणजे सॅनेटोरियम, महिनोन्महिने घरापासून दूर. घरीच राहून गोळ्या घेणारेही तितकेच बरे होतात आणि त्यांच्या घरच्यांना जास्त धोका होत नाही, हे त्या चाचणीने दाखवलं. त्यामुळे किती माणसं आपल्या माणसांत राहू शकली असतील! पण औषध माणसाच्या हाती घरी गेल्याबरोबर, ते नियमित घेतलं जातं का, हा प्रश्नही तिथूनच उभा राहिला. पुढे १९९० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने डॉट्सचा, म्हणजे थेट देखरेखीखाली औषध देण्यावर भर असलेल्या पद्धतीचा, जगभर पुरस्कार केला, आणि आरोग्य कर्मचाऱ्यासमोर गोळी गिळणं हे क्षयरोगाच्या उपचारांचं चित्रच होऊन बसलं.

त्यात माणसाचा अपमान होऊ शकतो, हे मला मान्य आहे. रोजची मजुरी बुडवून रांगेत उभं राहायचं, ओळखीचं कुणी पाहील म्हणून तोंड लपवायचं, हे मी पाहिलं आहे. शिवाय नुसतं समोर उभं करून गोळी गिळायला लावल्याने जास्त लोक बरे होतात का? वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात या प्रश्नाचं ठाम 'हो' असं उत्तर मिळालेलं नाही. माझं मत विचाराल तर, पाहणारी नजर एकट्याने कुणाला बरं करत नाही. त्या नजरेमागे विचारपूस असली तर उपयोग होतो.

व्हिडिओने यातला निम्मा जाच तरी कमी केला, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये त्याला समोरासमोरच्या देखरेखीचा पर्याय म्हणून मान्यता दिली. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, २०२३ मध्ये तो समोरासमोरच्या तोडीचा मानला. इंग्लंडमधल्या २२ क्लिनिकांत २२६ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी कधी ना कधी बेघरपणा, तुरुंग, व्यसन किंवा मानसिक आजार यांतलं काहीतरी भोगलेलं होतं, म्हणजे ज्यांना 'हे काय गोळ्या घेणार' असं म्हटलं जातं ती माणसं. पहिल्या दोन महिन्यांत ठरलेल्यापैकी किमान ८० टक्के डोस कुणाच्या तरी नजरेसमोर घेतले, असे लोक व्हिडिओच्या गटात ७० टक्के निघाले, तर समोरासमोरच्या गटात ३१ टक्के. यावरून व्हिडिओने आजार जास्त बरा होतो असं सिद्ध होत नाही. पण रोज कुठे तरी जाण्याची सक्ती काढली की माणसं किती जास्त संपर्कात राहतात, हे त्यातून दिसतं.

म्हणून व्हिडिओ सोडण्याआधी तो तुमच्या अटींवर करून पाहा, असं मी सुचवेन. तुम्हाला काही गोष्टी विचारण्याचा हक्क आहे आणि तो वापरा. माझे व्हिडिओ कुठे साठवले जातात? ते कोण कोण पाहतं? किती दिवसांनी पुसले जातात? पाठवल्यावर माझ्या फोनच्या गॅलरीत प्रत राहते का? राहत असेल तर ती कशी काढायची, हे समोर बसून दाखवायला सांगा. नेहमीच्या चॅटिंगच्या ॲपवरून पाठवायला सांगितलं असेल तर यासाठीच बनवलेलं ॲप आहे का, ते विचारा. फोनला कुलूप हवंच, आणि लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणार नाही अशी सेटिंग करून घ्या. सिस्टरच्या निरागस 'छान!'खाली दवाखान्याचं नाव झळकत असेल तर तेवढ्यानेही गुपित फुटतं. फोन हरवला, इंटरनेट बंद पडलं, प्रवासात असलात तर काय करायचं, हेही ठरवून ठेवा. व्हिडिओ जाऊ शकला नाही म्हणून डोस टाळायचा नसतो. गोळ्या घ्यायच्या आणि नंतर कळवायचं.

हे सगळं करूनही कॅमेरा नकोच वाटला, तर तसं मोकळेपणाने सांगा. घराजवळचा किंवा कामाच्या ठिकाणाजवळचा प्रशिक्षित स्वयंसेवक, रोजचा फोन, उघडल्याची नोंद ठेवणारी गोळ्यांची पेटी, तुमच्याकडे यातलं काय उपलब्ध आहे ते विचारा. खरं कळल्यावर दवाखाना काही आठवडे समोर येऊन गोळ्या घ्या म्हणेल, हेही शक्य आहे. मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. तसं झालं तर ते किती दिवसांसाठी आणि व्हिडिओवर परत कधी येता येईल, हे त्याच बैठकीत विचारा. आणि कारण मळमळ आहे, हे आधी सांगा. रोज पायपीट करवून मळमळ थांबत नाही, हे त्यांनाही कळतं.

राहिली तुमची खोलीतली मैत्रीण. तिच्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही, आणि मला हे लिहिणं जड जातंय, कारण तुमच्यावर आधीच पुरेसं ओझं आहे. पण उपचार सुरू होण्याआधी तुम्ही जितके दिवस खोकत होतात, तितके दिवस ती त्याच खोलीत श्वास घेत होती. औषधं नीट लागू पडली की दुसऱ्याला लागण होण्याचा धोका लवकर कमी होतो, पण आधीचे दिवस त्यात धरलेले नाहीत. तिची तपासणी व्हायला हवी. घाबरून जाऊ नका. जंतूंची लागण झालेल्यांपैकी साधारण ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात कधी तरी प्रत्यक्ष आजार होतो, आणि तो होऊ नये म्हणून आधीच घेण्याची औषधंही आहेत. पण ती घ्यायची की नाही हे ठरवायला तिला आधी कळलं तर पाहिजे.

तुम्ही तिच्यापासून लपवलंत ते भीतीपोटी, हे मला समजतं. खोली सोडावी लागली तर? ही भीती खोटी आहे असं मी कसं म्हणू? लोक अजूनही वाईट वागतात. म्हणून एकटीने, रात्री दिवा मालवल्यावर सांगू नका. सिस्टरना विचारा, संपर्कातल्या माणसांची तपासणी त्या कशी करतात. बऱ्याच ठिकाणी ते कामच त्यांचं असतं. तिला दवाखान्यात घेऊन जा आणि सिस्टरसमोर सांगा. 'तुला झालं तर काय' याचं उत्तर द्यायला तिथे जाणकार माणूस असेल. तिने समजून घेतलं, तर गोळ्या घ्यायला बाथरूम लागणार नाही. पण तिला तुमची पहारेकरी करू नका. घरच्यांपेक्षा प्रशिक्षित माणसाची देखरेख बरी, असा जागतिक आरोग्य संघटनेचाही सल्ला आहे, आणि मैत्रिणीची मैत्रीणच राहिलेली बरी.

सिस्टरना कसं सांगायचं, असं तुम्हाला वाटत असेल. फोनवर धीर होत नसेल तर उद्याच्याच व्हिडिओत सांगा. गोळ्या हातात घेण्याआधी एवढं म्हणा: "सिस्टर, मला दोन आठवड्यांपासून खूप मळमळतंय. चार दिवस मी गोळ्या गिळल्या नाहीत, थुंकल्या. तारखा सांगते. आजची गोळी घेऊ का, आणि रक्त तपासायला कधी येऊ?" तारखा आज रात्रीच आठवून कागदावर लिहा, त्यांना हिशेबासाठी त्या लागतील. व्हिडिओ पाठवल्यावर उत्तर येईपर्यंत गोळ्या बाजूला ठेवा. तासाभरात उत्तर आलं नाही तर थांबू नका, सरळ फोन करा.

आणि उद्या तो नळ बंद ठेवा, म्हणजे त्यांना तुमचं बोलणं नीट ऐकू जाईल.